पाच सुपांची ओटी

पंजाबकाकांचं म्हणणं असं होतं, की दिल्लीनं चिंता व्यक्त केली की आमच्या गावची लाल ज्वारी बंद होते.

हे त्यांनी एका दिवसात नाही काढलं. पंचायतीचा रेडिओ आमच्या ओसरीत असे, कारण पंचायतीचं छप्पर गळायचं आणि बॅटरी कुठून घालायची ते गावात मलाच माहीत होतं. संध्याकाळच्या बातम्यांना माणसं जमत. शेजारचे पंजाबकाका खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत. ताश्कंदचा करार झाला त्याच वर्षाची ही गोष्ट. तिकडं व्हिएतनामवर अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकत होती, आणि आपलं सरकार अधूनमधून त्याबद्दल चिंता व्यक्त करी. चिंता व्यक्त झाली की थोड्या दिवसांनी रेशनच्या दुकानाला कुलूप. चिंता निवळली की मलकापूरच्या स्टेशनावरून पोती घेऊन बैलगाडी पुन्हा हजर.

"हनोई कुठी हाय बे, निवृत्ती?" काकांनी एकदा विचारलं.

"लांब हाय काका. चीनच्या खाली."

"त्यायचं अन् आपलं काही भांडन?"

"नाई."

"सोयरिक?"

"नाई."

"मंग त्यायच्या घरावर बाम पडला का माह्या घरची भाकर काऊन बंद होते?"

मी रेडिओकडं बोट केलं.  देश अन्नधान्याच्या बाबतीत स्वावलंबी होत असल्याचं त्यानं सांगितलं, आणि लगेच पुढच्या बातमीत धान्याचं जहाज मुंबई बंदरात लागल्याचं सांगितलं. दोन बातम्यांच्या मधे निवेदकानं एक श्वास घेतला. आमचं गाव त्या श्वासात राहत होतं.

लाल ज्वारी म्हणजे अमेरिकेहून येणारा मिलो. दिसायला ज्वारी. पीठ मळलं की हातातून सुटतं, भाकरी थापली की कडेनं फाटते, तव्यावर टाकली की पडून राहते, फुगत नाही. बायका पिठाला उकळतं पाणी घालून ती कशीबशी बांधत. आम्ही खात होतो. माणूस कशालाही सरावतो, आणि आमचं गाव तर पंचायतीलाही सरावलं होतं. पण त्या भादव्यात माझी बहीण कोकिळाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिच्या पोटात लाल भाकरी ठरेना. सकाळी खाल्ली की परसात जाऊन ओकायची, संध्याकाळी खाल्ली की पुन्हा परसात. आठवा महिना लागला होता आणि पोट सोडून बाकीची कोकिळाताई वाळत चालली होती. डोळे तेवढे मोठे झाले होते.

"तिले पांढरी पाह्यजे," माय सगळ्यांना सांगे. जो भेटेल त्याला. "बाकी काही नको, पांढरी ज्वारी पाह्यजे माह्या पोरीले."

पांढरी ज्वारी आमच्याच शेतात पिकली होती. तिची पाच पोती सरकारी खरेदीत गेली. घरापुरती ठेवलेली होळीपर्यंत पुरली. नवी शेतात आता कुठं निसवत होती, कणसं बाहेर पडत होती. जळगाव जामोदला मावशीकडं थोडी असेल, पण रस्त्यात धान्य पकडायचे नाके होते आणि पिशवीतली ज्वारीसुद्धा माणसाला चोर ठरवत होती. मोताळ्याच्या बाजारात बाबा दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा भेंडी घेऊन आले. भेंडीबद्दल सरकारचं काही धोरण नव्हतं.

अशात ग्रामसेवक किसनराव सायकल ढकलत आले, ओसरीत बसले, पाणी प्याले, आणि मायला म्हणाले, "विमलबाई, तुमच्या घरी दोन पाहुणे येऊन राह्यले. एक मंगळवारी, एक शुक्रवारी."

"कोनाचे पाहुणे?"

"सरकारचे."

मंगळवारचे पाहुणे प्रसिद्धीचे साहेब होते. परदेशी धान्य न खाणाऱ्या गावाचे फोटो त्यांना पाहिजे होते. शुक्रवारचे पाहुणे धान्य देणाऱ्या देशाचे होते. आपलं धान्य खाऊन जगणारं गाव त्यांना बघायचं होतं.

"दोन येगळी गावं असतील ना मंग," बाबा म्हणाले.

"दोन्ही आपलंच हाय."

किसनरावांनी रुमालानं मान पुसली आणि समजावून सांगितलं. वैशाखात दुकान बंद होतं तेव्हा मागणीचा रकाना त्यांनी कोरा पाठवला. माल नाही तर मागणी काय लिहायची. वर त्याचा अर्थ असा निघाला, की गावानं परदेशी धान्य नाकारलं. आषाढात दुकान उघडलं तेव्हा उपाशी गावानं दोन महिन्यांचं एकदम उचललं. वर त्याचा अर्थ असा निघाला, की तालुक्यात सगळ्यांत जास्त मिलो आम्हालाच आवडतो.

"दोन्ही खरंच हाय म्हना," पंजाबकाका म्हणाले. "सरकारकडून एवढं खरं एकदम कधी आलं नव्हतं."

"आमच्याच घरी काऊन पन?" मायनं विचारलं.

"तुमची चूल आंगनात हाय. फोटोले उजेड लागते. अन् रेडिओ हाय, त्यो बी फोटोत घेता येते."

"अन् मंगळवारी भाकर कायची करू? घरात लालच हाय."

"पांढरी गोदामातून येईन. अर्धं पोतं." मायच्या चेहऱ्याकडं बघून किसनरावांनी घाईनं जोडलं, "फोटो झाला का वापस न्यायची हाय, विमलबाई. भाकरी तेवढ्या तुमच्या."

 मायनं आत जाऊन कोकिळाताईचं लग्नातलं लुगडं पेटीतून काढलं आणि उन्हात टाकलं. लुगड्याचा इथं काय संबंध, हे मला तेव्हा समजलं नाही.

मंगळवारी जीप आली. साहेब, साहेबांच्या बाईसाहेब, फोटोवाला, आणि गोदामाचा कारकून मांडीशी अर्धं पोतं धरून. बाईसाहेब पुण्याच्या होत्या. खेडं बघायचं म्हणून आल्या होत्या आणि खेडं कुठून सुरू होतं ते विचारत होत्या.

पोतं उघडलं तेव्हा अंगणात जमलेली माणसं जरा पुढं सरकली. बाबांनी मूठभर दाणे हातावर घेतले. "हे तर वरच्या वावरातलं हाय माह्या." पंजाबकाकांनीही घेतले आणि ते त्यांच्या वावरातले निघाले. आणखी तिघा-चौघांनी आपापले दाणे ओळखले. कारकून म्हणाला, "हे सरकारचं आहे." मग सगळ्यांनी दाणे परत टाकले, हात मात्र लगेच झटकले नाहीत.

मायनं त्या पोत्यातली शेरभर ज्वारी लगेच जात्यावर दळून भाकरी थापली. तव्यावर टाकली, उलटली, आरावर धरली, आणि ती टम्म फुगली. अंगणात कुणीतरी "अहाहा" म्हणालं, लग्नात नवरी बाहेर आल्यावर म्हणतात तसं. फोटोवाल्यानं तिचा फोटो घेतला. ती जरा बसल्यावर त्यानं दुसरी मागितली. अशा बऱ्याच भाकऱ्या झाल्या. मायनं एकेक करून त्या कोकिळाताईकडं आत धाडल्या. आतून काही आवाज येत नव्हता. खाणाऱ्या माणसाचा येत नाही तसा.

साहेबांनी वही काढली आणि पंजाबकाकांना गाठलं.

"परदेशी धान्य खाता का तुम्ही?"

साहेबांच्या पाठीमागं उभे राहून किसनराव 'नाही म्हणा' अशी मान हलवत होते. काकांनी थोडा विचार केला. "वैशाखात तर एक दाना नाही खाल्ला साहेब."

"का बरं?"

"दुकान बंद होतं."

साहेबांनी लिहिलं. मी शेजारीच उभा होतो म्हणून वाचता आलं. 'वैशाखापासूनच या गावाने परदेशी धान्य वर्ज्य केले, असे एका वृद्ध शेतकऱ्याने ताठ मानेने सांगितले.' काकांची मान तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडल्यापासून ताठच होती, पण ते साहेबांना कुणी सांगितलं नाही.

शेवटी फोटोवाला म्हणाला, "एक चांगला पाहिजे. भरभराटीचा. धान्य ओततायत, असा काहीतरी."

माय बहुतेक या वाक्याची सकाळपासून वाट बघत होती. ती आत गेली आणि कोकिळाताईला लग्नातलं लुगडं नेसवून हाताला धरून बाहेर घेऊन आली. आठव्या महिन्याचं पोट, मोठे डोळे. बाईसाहेब ताबडतोब उठून उभ्या राहिल्या.

"अगबाई, पहिलटकरीण?"

"हाव बाईसाहेब. ओटी भरायची राह्यली पोरीची. तुमच्यासारखी सवाशीन आयती घरी आली, तर..." मायनं पोत्याकडं बघितलं, मग बाईसाहेबांकडं, मग जमिनीकडं.

फोटोवाल्याला हे फारच पसंत पडलं. कोकिळाताईनं पदर पसरला. बाईसाहेब ओंजळीनं घ्यायला वाकल्या तशी मायनं त्यांच्या हातात सूप दिलं.

"सुपानं?"

"आमच्याकडं सुपानंच भरतेत. पाच सुपं."

आमच्याकडं सुपानं ओटी कुणी कधी भरली नव्हती. पाच ओंजळी असतात, सगळ्या महाराष्ट्रात असतात तशा. पण अंगणातल्या एकाही बाईनं मायला खोटं पाडलं नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "माह्या येळी बी पाचच भरली," आणि नाकावर पदर घेतला.

"प्रत्येक भागाची रीत वेगळी," बाईसाहेब कौतुकानं म्हणाल्या आणि सूप भरून ओतू लागल्या. पदर भरला की माय तो टोपल्यात रिकामा करी, आणि कोकिळाताई पुन्हा पदर पसरी. फोटोवाला प्रत्येक सुपाला फोटो घेत होता. कारकून पोत्यात बघत होता.

पाचवं सूप झालं आणि कारकून पुढं आला. "ते टोपलं इकडं द्या. वजन भरून द्यावं लागतं मला."

"ओटीतलं?" बाईसाहेबांनी विचारलं.

"सरकारी माल आहे, बाईसाहेब."

"ओटी परत घेतात का कुठं? तुमच्या घरी घेतात?"

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेब आभाळाकडं बघून, उजेड कमी होत आला, असं म्हणाले. जीप गेली. उरलेलं पोतं गेलं. टोपलं राहिलं.

मंगळवार रात्र, बुधवार, आणि गुरुवारी दुपारपर्यंत कोकिळाताई परसात गेली नाही. बुधवारी तिनं वेणी घातली. बाबांनी तिला विचारलं, "कसं वाटते?" तर ती म्हणाली, "भूक लागली पुन्हा." बाबा ओसरीत येऊन उगाच रेडिओ पुसत बसले.

गुरुवारी दुपारी किसनराव आले. या वेळी पाणी प्याले नाहीत.

"विमलबाई, उद्याच्या पाहुण्यायले पांढरा दाना दिसता कामा नाई. साहेबाचा निरोप हाय. गावात सवताची ज्वारी हाय असं दिसलं तर ते म्हनतीन, यायले आपली कायले पाठवायची."

"मंगळवारी तर लाल दिसता कामा नव्हती."

"मंगळवार येगळा होता."

"बरं. मंग?"

"टोपलं माह्याकडं द्या. शुक्रवारी संध्याकाळी आनून देतो."

माय म्हणाली, "पाच पोते बी असेच नेले होते. आनून देतो म्हनून नाई, पन नेले असेच होते."

"माही नोकरी हाय हो, बाई." किसनराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या सायकलला ब्रेक नव्हता आणि त्यांना तीन मुली होत्या. "घरात पांढरा दाना दिसला तर माह्यावर येईन ते."

"दाना दिसनार नाई," मायनं कबूल केलं.

ते गेले आणि ती जात्यावर बसली. टोपल्यातली पांढरी आणि घरातली लाल, मूठ पांढरीची, मूठ लालची, अशी सगळीच्या सगळी दळून काढली. पीठ निघालं ते पांढरंही नव्हतं आणि लालही नव्हतं. पंजाबकाकांनी चिमूट घेऊन बघितली.

"यालेच म्हनतेत का रे ते, रेडिओवर? ना इकडचे, ना तिकडचे?"

"अलिप्त," मी म्हणालो.

"हां. अलिप्त भाकर." त्यांनी चिमूट परत डब्यात टाकली. "पोटात ठरली पाह्यजे म्हंजे झालं."

संध्याकाळी कोकिळाताईनं ती खाल्ली. आम्ही सगळे तिच्याकडं न बघता बसलो. ठरली. माय म्हणाली, जपून केली तर नवी ज्वारी येईपर्यंत ताईपुरतं पीठ पुरेल. बाकीच्यांनी लाल खावी.

शुक्रवारी दोन जीपा आल्या. साहेब तेच होते, फोटोवाला तोच होता. मंगळवारी आपण इथं आलो होतो याची त्यांच्या चेहऱ्यावर काही खूण नव्हती. मला साहेबांनी नाव विचारलं. परत. अमेरिकेचे पाहुणे एकच होते, उंच, उन्हानं लाल झालेले, आणि चांगले. हे सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी अंगणात बूट काढले, माझ्या बाबांना वाकून नमस्कार केला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, की लोक ही ज्वारी खरंच खातात का. मला खरं सांगा, असंही म्हणाले. दुभाष्यानं ते शेवटचं वाक्य आमच्यापर्यंत आणलं नाही.

ताट वाढलं. मायनं लाल भाकरी वाढायला घेतली, तर ती परातीतून उचलतानाच तिचे दोन तुकडे झाले. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, ही फुटकी नको. फोटो आहे. ती नीट झालेली वाढा." आणि त्यांनी ताईसाठी झाकून ठेवलेल्या भाकरीवरचं झाकण स्वतःच्या हातानं काढलं.

पाहुण्यांनी तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीला लावला, खाल्ला. थांबले. दुभाष्याशी बरंच बोलले. माझं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं होतं आणि तिथंच थांबलं होतं, तरी एवढं समजलं, की त्यांच्या वडिलांच्या शेतावर ही ज्वारी गुरांना घालत, आणि ती अशी लागत असेल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं.

दुभाषी म्हणाला, "पाहुणे म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या घरीसुद्धा हीच ज्वारी असायची."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी त्याच्याकडं आदरानं बघितलं.

"काय म्हनते त्यो?" मायनं मला विचारलं.

"गोड लागली म्हन्ते."

आता आमच्यात पाहुण्याच्या ताटातली भाकरी संपत आली की दुसरी वाढायचीच असते. विचारायचंही असतं, घ्या म्हणून, आणि एकदा नाही, तीनदा. आणि पाहुण्यांना कुणीतरी शिकवून पाठवलं होतं, की हिंदुस्थानात वाढलेलं नाकारलं तर घरच्या बाईचा अपमान होतो. त्यामुळे माय वाढत होती आणि ते खात होते. दोघंही थांबू शकत नव्हते. पाहुणा एवढा आवडीनं खातोय म्हटल्यावर दोन्ही जीपांमधली माणसं पंक्तीला बसली. त्यांनाही फुटकी चालेना. माय डब्यात हात घाली, पीठ काढी, मळी, थापी. तिच्या पाठीमागं दाराच्या चौकटीला धरून कोकिळाताई उभी होती. ती भाकऱ्यांकडं बघत नव्हती. मायच्या हाताकडं बघत होती, तो डब्यात दर वेळी किती खोल जातो ते.

"घ्या ना आनखी," माय म्हणत होती. तिचा आवाज अगदी पाहुणचाराचा होता.

जाताना पाहुण्यांनी मायचे दोन्ही हात धरले. डोळे ओले होते त्यांचे. ही ज्वारी माणसांना देतो याची मला लाज वाटायची, आता वाटत नाही, असं काहीतरी ते म्हणाले. दुभाषी म्हणाला, "पाहुणे आभारी आहेत."

डब्याच्या तळाशी दोन भाकऱ्यांचं पीठ उरलं होतं. ताईनं एक त्या संध्याकाळी खाल्ली, एक शनिवारी.

पेपर पुढच्या आठवड्यात एसटीनं आला. दोन फोटो होते, शेजारीशेजारी. एकात बाईसाहेब ताईच्या पदरात सूप ओततायत. खाली लिहिलं होतं, 'मित्रराष्ट्राच्या धान्याचे कृतज्ञतापूर्वक स्वागत.' दुसऱ्यात पाहुणे भाकरी खातायत. त्याच्या खाली, 'स्वावलंबी गावाच्या भाकरीची परदेशी पाहुण्यांनाही गोडी.' ओळींची चुकून अदलाबदल झाली होती की मुद्दाम तशा लावल्या होत्या, ते शेवटपर्यंत समजलं नाही. वाईट वाटायचं कारण म्हणजे अदलाबदल केली तरी त्या तेवढ्याच खऱ्या राहिल्या असत्या. बातमीच्या शेवटी होतं, की गावकऱ्यांची आवड लक्षात घेऊन या गावाच्या मिलोच्या वाट्यात वाढ करण्यात येत आहे.

मी मायला सगळं वाचून दाखवलं.

"पांढरी कधी येईन ते लिवलं का?"

"नाई."

"मंग ठेव बाजूले."

संध्याकाळी ओसरीत माणसं जमली. मी रेडिओ लावला. व्हिएतनाममधल्या परिस्थितीबद्दल भारतानं पुन्हा एकदा चिंता व्यक्त केली होती. पंजाबकाकांनी डोळे न उघडता हात गुडघ्यावर टेकला आणि हळूहळू उठले.

"चला. लाल बी भरून ठेवा आता," ते म्हणाले आणि घरी गेले.

आत माय ताईसमोर ताट घेऊन बसली होती. लाल भाकरी, दुधात कुस्करलेली. ताई खात होती. माय तिच्या तोंडाकडं बघत होती, इतके दिवस बघत आली होती तशी. ताट रिकामं झालं.

"कशी लागली?"

"बरी लागली," कोकिळाताई म्हणाली. "आता जमते मले. सराव झाला."

"पोटात राह्यली?"

"राह्यली ना."

"खरं सांगून राह्यली?"

"खरंच, माय. तू जेव आता."

मायनं बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास सोडला आणि स्वतःचं ताट पुढं ओढलं. ताई भिंतीला धरून उठली. सावकाश, काही घाई नसल्यासारखी ओसरीतून माझ्या अंगावरून गेली, परसाच्या दाराची कडी तिनं आवाज न करता काढली, आणि बाहेर जाता जाता एकदाच माझ्याकडं बघितलं.

निवेदक म्हणत होता, की परिस्थिती समाधानकारक असून काळजीचं कारण नाही. मी रेडिओचा आवाज वाढवला.